धंद्याला बँकेचा पैसा: सीसी, टर्म लोन, बँक गॅरंटी, सांगली-साताऱ्याकडून नेहमी येणारे प्रश्न

कुपवाड, मिरज, पलूस, विटा, कराड, सातारा एमआयडीसी, या पट्ट्यातले छोटे कारखानदार, व्यापारी आणि कॉन्ट्रॅक्टर जे प्रश्न परत परत विचारतात ते इथं एका जागी ठेवलेत. उदाहरणातले आकडे समजण्यापुरते आहेत, मार्जिन आणि फी प्रत्येक बँकेची वेगळी असते, त्यामुळं तुमच्या सँक्शन लेटरमध्ये जे छापलंय तेच तुमच्यासाठी खरं.

धंदा फायद्यात आहे, मग कर्ज काढायचंच कशाला?

फायदा वहीत असतो आणि पैसा पार्टीकडं असतो म्हणून. हळदीचा व्यापारी बघा, नवी हळद बाजारात येते ती साधारण फेब्रुवारी ते मे, तेव्हा माल घेऊन ठेवायचा आणि विकायचा वर्षभर. कुपवाडचा मशीन शॉपवाला लोखंड रोखीनं किंवा महिन्याच्या उधारीवर आणतो, जॉब करून पुण्याच्या कंपनीला पाठवतो आणि पेमेंट येतं ६० नाहीतर ९० दिवसांनी, तोपर्यंत कामगारांचा पगार, लाईट बिल थांबत नाही, जीएसटी तर पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचाच, पार्टीनं पैसे देवोत न देवोत. हे मधले तीन महिने भरून काढणारा पैसा म्हणजे खेळतं भांडवल, आणि ऑर्डर वाढतील तसा हा खड्डा मोठा होतो. चांगला चाललेला धंदा पैशाअभावी अडतो तो बहुतेक इथंच.

टर्म लोन, सीसी आणि ओडी यात नेमका फरक काय? व्याज तर सारखंच वाटतं.

व्याजाकडं नंतर बघा, आधी पैसा कशात घालणार ते बघा. मशीन, शेड, टेम्पो अशा वर्षानुवर्षं चालणाऱ्या गोष्टींना टर्म लोन, पाच-सात वर्षांचे हप्ते, सुरुवातीला काही महिने फक्त व्याज. कच्चा माल आणि उधारी यासाठी सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, यात हप्ता नसतो, लिमिट असतं, पैसे भरायचे, परत उचलायचे, आणि जेवढे वापरले तेवढ्यावरच रोजच्या शिल्लकेप्रमाणं व्याज. ओडी म्हणजे ओव्हरड्राफ्ट पण तसंच चालतं पण ते बहुतेक करून प्रॉपर्टी किंवा एफडीवर असतं, स्टॉकवर नाही.

आता खरं सांगायचं ते हे. आपल्या भागात सगळ्यात जास्त खाती अडकतात ती सीसीच्या पैशातून मशीन किंवा प्लॉट घेतल्यामुळं. समजा २० लाखांची सीसी आहे, सेकंडहँड सीएनसी मशीन आठ लाखाला मिळतंय, टर्म लोनची फाईल कोण करत बसतंय म्हणून सीसीतून चेक फाडला. त्या दिवसापासून माल आणायला राहिले बाराच लाख. मशीन तर महिन्याला थोडंथोडंच कमवून देणार, आठ लाख एकदम थोडेच परत येणारेत, मग लोखंडवाल्याला उशीर, तो रेट वाढवतो, मग खातं कायम लिमिटला टेकलेलं, व्याज पडलं की लिमिटच्या वर, आणि मॅनेजरचा फोन. धंद्यात तोटा एक रुपयाचा झालेला नसतो. फाईलचे ते दोन-तीन आठवडे काढा, पण मशीनला टर्म लोनच घ्या.

मला किती रुपयांची सीसी बसेल?

छोट्या उद्योगांना पाच कोटींपर्यंतच्या लिमिटसाठी बँका अजून नायक समितीचा हिशोब लावतात, टर्नओव्हर मेथड म्हणतात. येत्या वर्षी अपेक्षित विक्री एक कोटी धरली तर खेळतं भांडवल त्याच्या २५ टक्के, म्हणजे २५ लाख, त्यातले २० लाख बँकेचे आणि पाच लाख तुमचे स्वतःचे. अपेक्षित विक्री म्हणजे मनातला आकडा नाही. मागच्या वर्षी जीएसटी रिटर्नला ६० लाख दाखवलेत आणि यंदा दोन कोटी लिहून आणले तर ऑर्डरचे कागद मागणारच.

रोखीत विकून बिल न करणाऱ्यांनी इथं लक्ष द्या, टॅक्स वाचवला तेवढी लिमिट पण घालवली.

सँक्शन २० लाखांचं आहे, पण बँक साडेसोळाच्या वर काढू देत नाही. फसवलं का?

नाही, तुमचा डीपी कमी आलाय. डीपी म्हणजे ड्रॉइंग पॉवर, दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून निघते. गोडाऊनमध्ये माल २० लाखांचा, त्यातले सहा लाख सप्लायरला द्यायचे आहेत म्हणजे तेवढा माल तुमचा नाहीच, राहिले १४ लाख, त्यावर २५ टक्के मार्जिन, म्हणजे तुमचा स्वतःचा वाटा, गेलं की साडेदहा. येणी १० लाख, त्यावर ४० टक्के मार्जिन धरलं तर सहा. बेरीज साडेसोळा. लिमिट आणि डीपी यातलं जे कमी असेल तेवढंच उचलता येतं.

आणि येणी म्हणजे सगळी येणी नव्हेत, ९० दिवसांच्या वरची उधारी बहुतेक बँका धरतच नाहीत. त्यामुळं जुनी उधारी वसूल केली तर दोनदा फायदा, पैसा पण येतो आणि नवी बिलं केलीत की डीपी पण टिकतो.

स्टॉक स्टेटमेंट जरा फुगवून दिलं तर कोण बघतंय?

सगळे बघतात. जीएसटी रिटर्न, ताळेबंद, विमा पॉलिसी आणि स्टॉक स्टेटमेंट हे चार आकडे बँक शेजारी शेजारी ठेवते, मोठ्या लिमिटला स्टॉक ऑडिटर पण येतो. नसलेला माल दाखवून पैसे उचलले तर ती चूक राहत नाही, फ्रॉड होतो, आणि तो शिक्का लागला की दुसरी बँक दारात उभी करत नाही.

उलट काही जण स्टेटमेंट देतच नाहीत, ते पण धोक्याचं. तीन महिन्यांपेक्षा जुन्या स्टेटमेंटवर उचललेली रक्कम अनियमित धरतात, आणि ही अनियमितता ९० दिवस चालू राहिली तर खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, होऊ शकतं, पैसे वेळेवर येत असले तरी. एका कागदापायी.

शेती चार एकर आहे, बागायती, ती तारण देतो. तरी बँक एनए (बिगरशेती) प्लॉटच का मागते?

कारण २००२ चा सरफेसी कायदा. कर्ज थकलं तर या कायद्यानं बँक कोर्टात न जाता ६० दिवसांची नोटीस देऊन तारणाचा ताबा घेऊ शकते, पण शेतजमिनीला हा कायदा लागू होत नाही, कलम ३१ मध्ये तसं स्पष्ट आहे. म्हणून कृष्णाकाठची कोट्यवधीची उसाची जमीन बँकेच्या नजरेत विश्रामबागेतल्या छोट्या फ्लॅटपेक्षा हलकी ठरते. सहकारी बँकेकडं सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या वसुली दाखल्याची वेगळी वाट असते त्यामुळं त्यातल्या काही घेतात पण.

एमआयडीसीचा प्लॉट असेल तर तो लीजचा असतो, गहाण टाकायला एमआयडीसीची परवानगी लागते, ती आधी काढायला टाका. फाईल सँक्शन होऊन या एका पत्रासाठी अडकून पडते.

तारण काहीच नाही. मग विषयच संपला का?

नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ठरलेल्या मर्यादेपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मुद्रा योजनेत शिशु ५० हजार, किशोर पाच लाख, तरुण १० लाख, आणि जुनं तरुण कर्ज नीट फेडलेल्यांना तरुण प्लसमध्ये २० लाखांपर्यंत. त्याच्या वर सीजीटीएमएसई, म्हणजे बँकेला तारणाऐवजी ट्रस्टची हमी, १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा पाचवरून १० कोटी झालीय.

पण एक गैरसमज इथंच काढून टाका. ही हमी बँकेला आहे, तुम्हाला नाही. वर्षाची गॅरंटी फी बहुतेक ठिकाणी तुमच्याच खात्यातून जाते, आणि उद्या कर्ज थकलं, ट्रस्टनं बँकेला काही भाग दिला, तरी तुमचं देणं माफ होत नाही, वसुली चालूच राहते. "सरकारी गॅरंटीचं लोन आहे, बुडालं तर सरकार बघेल" असं सांगणारा एजंट भेटला तर चहा पिऊन परत या.

महामंडळाचं कर्ज आणि सबसिडी कशी असते?

अण्णासाहेब पाटील महामंडळ कर्ज देत नाही, कर्ज बँकच देते, महामंडळ व्याज परत करतं, १५ लाखांपर्यंतच्या कर्जाला ठरलेल्या मर्यादेत. हप्ता आधी तुम्ही वेळेवर भरायचा मग व्याज तुमच्या खात्यात येतं, हप्ता चुकला की त्याचा परतावा गेला. पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगार योजनेत कारखानदारीला ५० लाख आणि सेवा व्यवसायाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, सबसिडी १५ ते ३५ टक्के, गाव की शहर आणि प्रवर्ग कुठला त्यावर. ती हातात मिळत नाही, बँकेत तीन वर्षं अडकवून ठेवतात, युनिट चालू दिसलं की कर्जात वळती करतात. चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा, फुकट आहे.

मेहुणा म्हणतोय जामीनदार म्हणून नुसती सही कर. करू का?

नुसती सही असं काही नसतं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच, म्हणजे बँकेनं आधी मेहुण्याच्या मागं लागावं आणि मग तुमच्याकडं यावं असं बंधन नाही, दोघांना एकदम नोटीस येऊ शकते. तुमच्या सिबिल रिपोर्टमध्ये ते कर्ज दिसतं, तुमच्या स्वतःच्या होमलोनच्या वेळी निघतं. सीसीला जामीन राहिलात तर आणखी बघा, ते चालू राहणारं खातं आहे, दरवर्षी रिन्यू होतं, हप्ते संपून जामीन सुटला असं होत नाही. नातं सांभाळायचंच असेल तर किती रकमेपुरता जामीन आहे ते कागदावर लिहून घ्या.

आणि बँक गॅरंटी? तिथं बँक माझी जामीन राहते असंच ना?

हो, पण मागून तुम्ही बँकेला लिहून दिलेलं असतं की तुम्ही पैसे दिलेत तर मी ते भरीन, त्याला काउंटर गॅरंटी म्हणतात. समजा पाणीयोजनेचं एक कोटीचं काम घेतलं आणि काम देणाऱ्या सरकारी कार्यालयानं पाच टक्के परफॉर्मन्स गॅरंटी मागितली. रोख पाच लाख अडकवण्याऐवजी बँकेची बीजी म्हणजे बँक गॅरंटी दिली. बँकेनं २० टक्के मार्जिन धरलं तर एक लाखाची एफडी लीन होते, म्हणजे बँकेकडं अडकून राहते, बाकीला तारण, आणि वर्षाला दोन टक्के कमिशन धरलं तर १० हजार अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे ११,८०० रुपये. पाच लाख कामात फिरवायला मोकळे राहिले, हा त्यातला फायदा.

प्रकार ढोबळ असे: टेंडर भरताना बयाणा रकमेऐवजी, काम नीट होईल म्हणून, उचल म्हणजे ॲडव्हान्स घेतला तर त्यापोटी, आणि शेवटी रिटेन्शनचे, म्हणजे बिलातून राखून ठेवलेले, पैसे सोडवून घ्यायला. दरवेळी नव्यानं फाईल करण्यापेक्षा वर्षाचं बीजी लिमिट घ्या, बारा महिने टेंडर भरणाऱ्याला तेच परवडतं.

सही करण्याआधी मसुदा वाचा, आणि टेंडरमध्ये कुठल्या बँकेची बीजी चालते ते त्याच्याही आधी वाचा. बऱ्याच ठिकाणी राष्ट्रीयीकृत किंवा शेड्युल्ड बँकच लागते, आपल्या पतसंस्थेचं किंवा छोट्या बँकेचं पत्र तिथं चालत नाही, आणि हे लोकांना टेंडरच्या आदल्या दिवशी कळतं.

कार्यालयानं बीजी इनव्होक केली, म्हणजे बँकेकडं त्याचे पैसे मागितले. चूक त्यांची आहे, माझी नाही. बँकेला थांबवता येईल का?

फार अवघड. बीजी बिनशर्त असेल, आणि सरकारी मसुदे तसेच असतात, तर मागणी आली की बँक वाद कुणाचा खरा हे बघत नाही, पैसे देते. कोर्ट स्टे देतं ते ढळढळीत फसवणूक असेल किंवा कधीच भरून न येणारं नुकसान होणार असेल तरच, आणि हे सिद्ध करायला मोठी तयारी लागते. काम अडलं ते जागा ताब्यात मिळाली नाही म्हणून, हे खरं असलं तरी त्याचा दावा वेगळा चालतो, बीजीचे पैसे आज जातात.

पैसे गेले की मार्जिनची एफडी मोडली जाते आणि उरलेली रक्कम तुमच्या नावे कर्ज म्हणून पडते, ती लगेच भरायची असते. तोपर्यंत झोपलेलं देणं एका दिवसात जागं होतं. म्हणून बीजी किती बाहेर आहेत याची वही ठेवा, ताळेबंदात कर्जात दिसत नसल्या तरी.

बीजीची मुदत मार्चलाच संपली, बँक अजून एफडी सोडत नाही.

मुदत संपली तरी क्लेम पिरियड, म्हणजे कार्यालयाला पैसे मागायची वाढीव मुदत, असतो, तो बहुतेक वेळा मुदतीनंतर एक वर्षाचा, कारण करार कायद्याच्या कलम २८ प्रमाणं बँकेला त्यापेक्षा लवकर हात झटकता येत नाहीत. सोपा उपाय एकच, कार्यालयातून मूळ बीजी किंवा रिलीजचं पत्र आणून द्या. काम संपलं की त्याच आठवड्यात मागा, साहेबांची बदली झाली की फाईल सापडत नाही.

टेंडरला बयाणा माफ असतो ना उद्यम नोंदणीवाल्यांना?

केंद्र सरकारच्या खरेदी धोरणात सूक्ष्म आणि लघु उद्योगांना माफ आहे, वस्तू आणि सेवांसाठी. बांधकामाच्या टेंडरला गृहीत धरू नका, अट वाचा. आणि माफी बयाण्याची असते, परफॉर्मन्स गॅरंटीची नाही.

तैवानवरून मशीन आणायचंय, तो एलसी मागतोय.

लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे कागद बरोबर आले की पैसे देण्याचं बँकेचं वचन. बँक कागद बघते, माल बघत नाही. बिल ऑफ लेडिंग, इन्व्हॉइस सगळं जुळलं आणि खोक्यातून भंगार निघालं तरी बँक पैसे देणार. म्हणून माल निघायच्या आधी तिथं तपासणी करून त्याचं सर्टिफिकेट एलसीच्या कागदांत घाला. मशीनच्या टर्म लोनमधूनच एलसी उघडून घेता येते, सीसीला हात लावू नका, वर सांगितलंच.

हळद, बेदाणा स्टोअरला ठेवून पैसे मिळतात ते कसे?

माल गोडाऊन किंवा कोल्ड स्टोरेजमध्ये, पावती बँकेकडं, याला प्लेज म्हणतात. सीसीत माल तुमच्याच ताब्यात असतो, इथं तो बँकेच्या कुलपात, म्हणून इथं तुमच्या ताळेबंदापेक्षा मालाला महत्त्व. तासगाव, सांगलीकडच्या कोल्ड स्टोरेजच्या पावतीवर बेदाण्याला असं कर्ज नेहमीचं आहे. गोडाऊन डब्ल्यूडीआरए या केंद्राच्या गोदाम नियामकाकडं नोंदलेलं असेल तर पावती इलेक्ट्रॉनिक असते, एकाच मालावर दोन ठिकाणी कर्ज उचलायची भानगड त्यात होत नाही. शेतकऱ्यांसाठी बाजार समितीत पणन मंडळाची शेतमाल तारण योजना वेगळी आहे, व्याज सहा टक्के, पण ती व्यापाऱ्याला नाही.

दर पडला तर? बँक फरक मागते. न भरल्यास माल विकते. दर वाढायची वाट बघत व्याज आणि भाडं भरत बसणारे इकडं कमी नाहीत, पोत्यामागं महिन्याला किती खर्च पडतो ते आधी काढा.

साखर कारखान्यांचं पण तत्त्व हेच, साखरेच्या पोत्यांवर मालतारण कर्ज. उसाचे पैसे कायद्यानं १४ दिवसांत द्यायचे आणि साखर विकायची महिनोन्महिने, त्यातला सांधा हाच. तारण पुरत नाही तिथं राज्य सरकारची थकहमी मागतात, म्हणजे कारखान्यानं नाही भरलं तर सरकार भरेल.

मोठी कंपनी चार चार महिने पेमेंट देत नाही. सीसी वाढवून घेऊ?

आधी दुसरे रस्ते बघा, त्यांच्या उशिराचं व्याज तुम्ही का भरायचं. २००६ च्या एमएसएमई कायद्यात करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. हे उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना, व्यापाऱ्याला नाही. पण रोज ज्याच्या दारात जायचं त्याच्यावर तक्रार कोण करणार, ते पण कळतं.

ट्रेड्स, म्हणजे बिलं वटवायची ऑनलाईन सोय, त्यासाठी बरी आहे. बिल ऑनलाईन टाकायचं, कंपनीनं मान्य केलं की बँका बोली लावतात, एक-दोन दिवसांत पैसे, आणि व्याज लागतं ते कंपनीची पत बघून. उद्या कंपनीनं पैसे बुडवले तर तुमच्या मागं कुणी येत नाही. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना नोंदणी सक्तीची झालीय. तुमच्या पार्टीला विचारा, नोंदणी करून गप्प बसलेत बरेच.

विम्याचे पैसे बँक का कापते? माल तर माझा आहे.

तारण बँकेचं आहे म्हणून पॉलिसीवर बँकेचं नाव असतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर तरी सांगलीत हे विचारायला नको. बघायचं ते वेगळंच: पॉलिसीत पूर धरलाय का, गोडाऊनचा पत्ता बरोबर आहे का, दुसरं भाड्याचं गोडाऊन त्यात आहे का, आणि रक्कम पुरेशी आहे का. माल ४० लाखांचा आणि विमा २० लाखांचा असेल तर १० लाखांच्या नुकसानीला पाचच मिळतात. बँकेनं काढलीय म्हणजे नीट काढली असेल, हे समजू नका.

खातं एनपीए नेमकं कधी होतं?

टर्म लोनचा हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की. त्याआधी ३०, ६०, ९० दिवसांचे एसएमएचे, म्हणजे इशाऱ्याचे, टप्पे आहेत आणि ते इतर बँकांना दिसतात. सीसीमध्ये ९० दिवस सलग लिमिट किंवा डीपीच्या वर राहिलात, किंवा जमा झालेले पैसे व्याजाला पण पुरले नाहीत तर. रिन्युअल १८० दिवसांच्या वर लटकलं तरी होतं, म्हणून सीएकडं ताळेबंद सप्टेंबरची वाट बघत ठेवू नका.

अडचण येणार हे दिसायला लागलं की त्या आधीच बँकेत जा. खातं चांगलं असताना हप्ते बदलून मिळणं आणि नोटीस आल्यावर मागणं यात फार फरक आहे.

कर्ज फिटलं. आता काय काय परत घ्यायचं?

मूळ कागदपत्रं पहिलं. होमलोनसारखं वैयक्तिक कर्ज असेल तर पूर्ण फेडल्यापासून ३० दिवसांत बँकेनं ती द्यायची, बँकेमुळं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. नो ड्यूज घ्या, कोरे चेक परत मागा, सेर्साई या तारणाच्या केंद्रीय नोंदवहीतली नोंद काढायला लावा, कंपनी असेल तर आरओसी म्हणजे कंपनी निबंधकाकडचा चार्ज (बोजा) पण. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डवरचा बोजा आपोआप उतरत नाही, बँकेचं पत्र घेऊन तलाठ्याकडं किंवा सिटी सर्व्हेला स्वतः जायचं, आणि नवा उतारा हातात पडेपर्यंत फेरफाराचा नंबर जपून ठेवायचा.